पाणचक्कीतलं भूत गढीवर कशाला?

बाहेर अंधार आहे, गारठा आहे. कालपरवा पुरलेलं लेकरू दाराशी येऊन रडतंय, थंडी वाजतेय म्हणतंय, आत घ्या म्हणतंय. ते मेलेलं आहे हे आईला पक्कं ठाऊक आहे, तिनंच त्याला मातीत ठेवलंय. तरी ती उठते आणि कडी काढते.

अलेक्सेय कोन्स्तान्तिनोविच टॉलस्टॉय यांनी 1839 च्या सुमारास लिहिलेल्या ‘वुर्दलाकचं कुटुंब’ या कथेतला हा प्रसंग आहे. वुर्दलाक म्हणजे थडग्यातून परतून रक्त पिणारं मढं. हे टॉलस्टॉय म्हणजे ‘युद्ध आणि शांती’वाले नव्हेत, त्यांचे दूरचे भाऊ. तेव्हा ते 22 वर्षांचे होते, रशियाच्या वकिलातीत नोकरीला होते आणि ही कथा त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिली. दार उघडण्याचा प्रसंग कथेत एक मठवासी चार-दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो आणि त्या आईला खुळी म्हणतो. मला ती कधीच खुळी वाटली नाही. तिच्या जागी असलेल्या कुठल्या बाईनं कडी काढली नसती?

गेली साठ-पासष्ट वर्षं युरोपातले दिग्दर्शक अशा जुन्या स्लाव्हिक, म्हणजे रशियन, युक्रेनियन, सर्बियन, चेक वगैरे लोकांच्या, कथांवर गॉथिक भयपट काढत आले आहेत. त्यांतले काही मी पुन्हा पुन्हा पाहिलेत, काहींवर माझं मनापासून प्रेम आहे. पण दर वेळी एक गोष्ट खटकत राहिली. या कथांमधली भीती घरातली आहे, चुलीजवळची आहे. गॉथिकचा साचा ती उचलतो आणि डोंगरावरच्या किल्ल्यात नेऊन ठेवतो. तिथे ती देखणी दिसते, पण तिचं आपल्याशी असलेलं नातं तुटतं. म्हणून रूपांतर करणाऱ्यानं कथानक वाटेल तेवढं बदलावं, हे नातं मात्र बदलू नये, असं माझं म्हणणं आहे.

गॉथिक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं ते आठवा. जाळ्या-जळमटांनी भरलेला दिवाणखाना, तळघरातल्या शवपेट्या, भिंतीवर पूर्वजाचं तैलचित्र आणि हुबेहूब त्या चित्रासारखी दिसणारी वारस मुलगी. इंग्रजी आणि जर्मन कादंबरीकारांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा साचा घडवत नेला. त्यात भीतीचं मूळ वंशात असतं. खापरपणजोबानं पाप केलं, ते खापरपणतीला फेडावं लागतं. त्यामुळे वाडा लागतो, वंशावळ लागते, आणि हे सगळं बघायला लांबून आलेला एखादा सुशिक्षित पाहुणा लागतो.

सर्बियातल्या किंवा युक्रेनमधल्या खेड्यातल्या भुतापाशी यातलं काहीच नसतं. त्याच्यापाशी एक साधं मातीचं थडगं असतं, आणि ते नेमकं कुठे आहे हे गावातल्या एखाद्या म्हातारीला ठाऊक असतं.

पश्चिम युरोपात या भुताचा गवगवा झाला तो सरकारी कागदांमुळे. 1718 मध्ये सर्बियाचा उत्तरेकडचा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला. 1725 मध्ये तिथल्या किसिल्येवो गावाबद्दल फ्रोम्बाल्ड नावाच्या शाही अधिकाऱ्यानं एक अहवाल धाडला. पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला, त्याला पुरलं, आणि काही आठवड्यांनी गावात आठ दिवसांत नऊ माणसं गेली. मरणारे सांगत होते की पेतार रात्री येऊन उरावर बसला आणि त्यानं गळा दाबला. गावकऱ्यांनी थडगं उघडण्याचा हट्ट धरला, अधिकाऱ्याला तिथे हजर राहावं लागलं. त्याचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. त्यात ताज्या रक्ताचं वर्णन आहे, खुंटा ठोकल्याचं आहे. मला मात्र हलवून गेलं ते दुसरंच एक वाक्य. पेतारची बायको सांगते की नवरा घरी आला होता आणि त्यानं आपल्या वहाणा मागितल्या. त्यानंतर ती बाई गाव सोडून गेली.

भूत वहाणा मागतं. ज्या घरात जन्म काढला त्या घरात येतं, आणि वहाणा कुठे ठेवल्यास, असं बायकोला विचारतं. यात घाबरवण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं घरातलं कुणी माणूस गेल्यावर दाराशी तशीच राहिलेली त्याची चपलांची जोडी आठवून पाहावी.

1732 मध्ये मेद्वेजा गावातल्या अशाच प्रकरणाचा फ्ल्युकिंगर या लष्करी शस्त्रवैद्याचा अहवाल आला आणि पॅरिस-लंडनपर्यंत चर्चा पेटली. पुढे 1755 मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसानं प्रेतं उकरून त्यांची विटंबना करायला बंदी घातली. आणि मग 1819 मध्ये जॉन पोलिडोरी या इंग्रज डॉक्टरनं आपल्या कथेत व्हॅम्पायर आणला तेव्हा तो लॉर्ड झालेला होता: लंडनच्या मेजवान्यांमध्ये वावरणारा, बायकांना भुरळ घालणारा. शंभर वर्षांच्या आत शेतकऱ्याचा उमराव झाला. 1897 मध्ये ड्रॅक्युला आला आणि उमरावाला किल्लाही मिळाला.

पुढच्या सगळ्या रूपांतरांची गोम या बढतीत आहे. मेलेला शेतकरी बायकोकडे येतो, कारण त्याला जायला दुसरं ठिकाणच नाही. उमराव परक्यांच्या घरी सावज शोधत फिरतो. पहिल्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी आपलं काळीज दगडाचं करावं लागतं. दुसऱ्यासाठी लसणाची माळ पुरते.

आता निकोलाय गोगोलची ‘विय’ बघू, कारण या विषयातलं सगळं चांगलं-वाईट या एका कथेभोवती घडलंय. गोगोल पोल्तावा भागातला, युक्रेनच्या मातीतला. 1835 मध्ये ही कथा प्रसिद्ध झाली. खोमा ब्रूत हा कीवच्या धर्मविद्यालयातला विद्यार्थी, खादाड, आळशी, पाइप ओढणारा. सुट्टीत दोन मित्रांबरोबर घरी निघतो, रात्री वाट चुकतो, एका म्हातारीकडे आसरा मागतो. म्हातारी त्याच्या पाठीवर चढते आणि त्याला घोड्यासारखा उधळवते. तो येतील ते मंत्र पुटपुटत सुटका करून घेतो, उलट तिच्याच पाठीवर बसतो आणि हाताला लागलेल्या लाकडानं तिला बडवत सुटतो. पहाट होते तेव्हा पायाशी एक सुंदर तरुण मुलगी पडलेली असते, विव्हळत. खोमा पळून जातो.

काही दिवसांनी निरोप येतो: एका श्रीमंत कोसॅक (युक्रेनमधली लढवय्यी जमात) सरदाराची मुलगी मार खाऊन घरी आली, मरणाच्या दारात आहे, आणि तीन रात्री आपल्यासाठी प्रार्थना वाचायला तिनं खोमा ब्रूतलाच बोलावलंय. सरदार विचारतो, माझी मुलगी तुला कशी ओळखते? तू कोण, कुठला, तुझे आईबाप कोण? खोमा सांगतो की रीतसर विचार केला तर आई असणारच, पण ती कोण होती, कुठली होती, देवाशपथ ठाऊक नाही.

या उत्तरापाशी मी नेहमी थांबतो. गॉथिक कथेचा नायक आईबापांशिवाय उभाच राहत नाही, त्याच्यावर संकट येतं तेच मुळी वंशातून. खोमाला वंश नाही. त्याच्यावर आलेलं संकट कुठल्याही पणजोबाचं नाही, त्यानं स्वतःच्या हातांनी ओढवलंय. पहाटे एका मुलीला मरेस्तोवर मारून तो पळाला, आणि आता तिच्याच प्रेताशेजारी तीन रात्री एकट्यानं उभं राहायचंय. चर्चच्या लाकडी भिंती काळ्या पडल्यात, शेवाळ धरलंय, आणि त्यानं स्वतःभोवती एक रिंगण आखलंय. बस्स. कथेत सगळं सोपं आहे आणि म्हणून सुटका नाही.

मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकानं 1960 मध्ये या कथेच्या आधारानं पहिला मोठा चित्रपट केला, ‘सैतानाचा मुखवटा’. कृष्णधवल छायाचित्रणाचा असा वैभवशाली नमुना भयपटांत विरळाच, कॅमेराही बावानं स्वतःच सांभाळला होता. सुरुवातीलाच आतून खिळे असलेला मुखवटा चेटकिणीच्या तोंडावर ठोकला जातो, ते दृश्य एकदा पाहिलं की विसरता येत नाही. बार्बरा स्टील या अभिनेत्रीनं चेटकीण आणि तिच्या वंशातली निष्पाप मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या.

आणि इथेच गोगोल संपला. दोनशे वर्षांपूर्वी जाळायला काढलेली चेटकीण आपल्याच घराण्याचा सूड घेते, किल्ला आहे, तळघर आहे, तैलचित्र आहे, लांबून आलेले दोन डॉक्टर आहेत. गोगोलच्या पात्राचं गोरोबेत्स हे आडनाव त्यांतल्या तरुण डॉक्टरला चिकटवलंय, पण खोमाचा अपराध कुठेच नाही. डॉक्टर निर्दोष आहेत, मुलगी निर्दोष आहे, दोष सगळा शवपेटीत पडलेल्या बाईचा. चित्रपट थोर आहे हे मी आनंदानं मान्य करतो. पण तो पाहताना मी स्वतःबद्दल घाबरलो नाही. गोगोल वाचताना घाबरलो होतो.

मोसफिल्म या सोव्हिएत चित्रसंस्थेचा 1967 चा ‘विय’ याच्या अगदी उलट आहे. कोन्स्तान्तिन येर्शोव्ह आणि गिओर्गी क्रोपाचोव्ह हे दोघे तरुण दिग्दर्शक, आणि चमत्कृतींसाठी सोव्हिएत परीकथापटांचे जुने जाणते अलेक्सांद्र प्तुश्को. सोव्हिएत काळातला पहिला भयपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. लांबी ऐंशी मिनिटांच्याही आत, आणि त्यातला निम्मा वेळ भुताविना जातो! विद्यार्थ्यांची मस्ती, बैलगाड्या, कोसॅकांचं खाणंपिणं, खोमाचा पळून जाण्याचा फसलेला प्रयत्न. लिओनिद कुराव्ल्योवचा खोमा घाम पुसतो, तपकीर ओढतो, दिवसा दारूच्या आधारानं उभा राहतो आणि रात्री पुन्हा त्याच दारातून आत जातो. नताल्या वार्लेयनं साकारलेली मेलेली मुलगी शवपेटीत उभी राहून रिंगणाभोवती घिरट्या घालते तेव्हा आपण त्या रिंगणात असतो, कारण गेला अर्धा तास आपण या माणसाबरोबर जेवलोय.

तिसऱ्या रात्री येणारा विय, म्हणजे कथेला ज्याचं नाव आहे तो भुतांचा म्होरक्या, चित्रपटात आज काहीसा बाहुल्यासारखा दिसतो. गोगोलच्या शब्दांतला विय ठेंगणा आहे, काळ्या मातीनं माखलेला, हातपाय झाडाच्या मुळांसारखे, चेहरा लोखंडाचा, पापण्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या. माझ्या पापण्या उचला, मला दिसत नाही, असं तो म्हणतो. वसिली अबायेव या ओसेतियन भाषाशास्त्रज्ञानं या नावाचा संबंध प्राचीन इराणी परंपरेतल्या वायुदेवतेशी जोडला होता. इराणी परंपरेत वायूला मृत्यूचीही बाजू आहे. हा तर्कच आहे, सगळ्या अभ्यासकांना तो पटलेला नाही. पण आपल्या वेदांतल्या वायूचा कुणी लांबचा भाऊबंद युक्रेनमधल्या एका पडक्या चर्चमध्ये पापण्या उचलून घेतोय, ही कल्पना मराठी वाचकाला ओढ लावणारी आहे खरी.

2014 मध्ये रशियात त्रिमितीय ‘विय’ आला. त्यात एक इंग्रज नकाशाकार गावात येतो आणि सगळ्या भुताटकीमागे माणसांचंच कारस्थान निघतं. लांबून आलेला शहाणा पाहुणा पुन्हा हजर. इतकी साधनं हाताशी असताना गावाच्या भीतीवर विश्वास ठेवायची हिंमत मात्र झाली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

टॉलस्टॉयच्या वुर्दलाककडे परत येतो. कथा सर्बियातल्या एका खेड्यात घडते. गोर्चा नावाचा म्हातारा एका तुर्की दरोडेखोराच्या मागावर डोंगरात निघतो. जाताना मुलांना बजावतो: दहा दिवस वाट बघा. त्यानंतर मी परत आलो तर मी तुमचा बाप असलो तरी आत घेऊ नका, माझ्या छातीत अस्पेनच्या लाकडाचा खुंटा ठोका. आणि तो येतो तो नेमका दहाव्या दिवशी संध्याकाळी, तो निघाला त्याच घटकेला, मठाची घंटा वाजत असताना. मुदत संपली की नाही? घरातल्यांना ठरवता येत नाही. मोठा मुलगा संशय घेतो, बाकीचे गप्प बसतात. कुत्रं भुंकतं, म्हातारा कुत्र्याला गोळी घालायला लावतो, आणि मुलगा बापाचं ऐकतो. बापाचं कसं ऐकायचं नाही?

वुर्दलाक सगळ्यात आधी आपल्या जिवलगांचं रक्त पितो, असं टॉलस्टॉय कथेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आपल्यावर माया करणाराच आपल्याला खाणार आहे, आणि आपण त्याला नाही म्हणू शकत नाही, कारण तो घरातला कर्ता आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यावर टीप द्यावी लागत नाही.

बावानं 1963 मध्ये हीच कथा आपल्या तीन गोष्टींच्या चित्रपटात घेतली आणि म्हाताऱ्या बोरिस कार्लॉफला गोर्चा केलं. इथे बावा कथेच्या कितीतरी जवळ आहे. शेवटी प्रेमी जोडपं एका भग्न मठात जातंच, तेवढा साचा त्याला सुटला नाही. पण मधला घरातला भाग बघा. म्हातारा शेकोटीशी बसलाय, नातवाला मांडीवर घ्यायचंय म्हणतोय, आणि सुनेला नको म्हणता येत नाहीये. नंतर ते लेकरू बाहेर रडतं आणि आई दाराकडे धावते. नवरा आडवा येतो, तर ती त्यालाच भोसकते आणि कडी काढते. मठवाशाच्या चार वाक्यांतून बावानं हे बाहेर काढलं. रूपांतर म्हणजे हेच.

2023 मध्ये आद्रियाँ बो या फ्रेंच दिग्दर्शकानं पुन्हा ही कथा केली आणि गोर्चाच्या जागी माणसाच्या आकाराची, हाडांच्या सापळ्यासारखी बाहुली ठेवली. घरातले सगळे त्या बाहुलीला बाबा म्हणतात, तिला जेवायला वाढतात, तिच्या आज्ञा ऐकतात. आपल्याला दिसतंय की हे प्रेत आहे, घरातल्यांनाही दिसतंय, पण बोलायचं कुणी? पडदा भरून किल्ले दाखवणाऱ्या कितीतरी चित्रपटांपेक्षा जेवणाच्या पाटाशी बसवलेली ती बाहुली मला जास्त भिववून गेली. आणि बघा, हा दिग्दर्शक फ्रेंच आहे. तेव्हा या कथा फक्त स्लाव्ह लोकांनीच कराव्यात असं मी म्हणत नाही. ज्याला घर कळलं त्यानं कराव्यात.

पण माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ आहे तो एक छोटा दूरदर्शनपट. 1973 मध्ये बेलग्रेड टेलिव्हिजनसाठी जोर्जे कादियेविचनं केलेला ‘लेप्तिरित्सा’, म्हणजे मादी फुलपाखरू. मूळ कथा मिलोवान ग्लिशिचची, 1880 ची, म्हणजे ड्रॅक्युलापेक्षा 17 वर्षांनी जुनी. झारोझ्ये गावात ओढ्याकाठी एक पाणचक्की आहे. पाणचक्की म्हटलं की आपल्याला औरंगाबादची मोठी बांधीव वास्तू आठवेल. ही तशी नाही. ही लाकडी झोपडी, आत दगडाचं जातं, आणि रात्रभर धान्य दळत बसलेला एक माणूस. जो चक्कीवाला रात्री राहतो तो सकाळी मेलेला सापडतो. चक्की बंद म्हणजे पीठ बंद, पीठ बंद म्हणजे गाव उपाशी.

भुताचा त्रास भाकरीपासून सुरू होतो. कुठलाही किल्ला हे देऊ शकत नाही. स्त्राहिन्या नावाचा गरीब पोरगा चक्कीवर राहायला तयार होतो, कारण त्याचं रादोय्कावर प्रेम आहे आणि तिचा बाप एका कफल्लकाला मुलगी द्यायला तयार नाही. गावकरी कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीला ओरडून ओरडून विचारतात आणि सावा सावानोविच या जुन्या व्हॅम्पायरचं थडगं शोधतात. खुंटा ठोकतात, पण एक फुलपाखरू, म्हणजे त्याचा जीव, निसटतं. ग्लिशिचच्या कथेत लग्न सुखानं लागतं. कादियेविचनं शेवट पार बदलला: लग्नाच्या रात्री रादोय्काच्या छातीवर खुंट्याची जखम दिसते.

मुळाशी इतकी मोठी फारकत घेऊनही हा चित्रपट मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. रादोय्का कुणी परकी नाही. जिच्यासाठी त्यानं मरणाच्या चक्कीत रात्र काढली, ती हीच. ग्लिशिचनं भीती गावात आणली होती, कादियेविचनं ती आणखी आत, अंथरुणापर्यंत नेली. आणि बहुतेक वेळ पडद्यावर ऊन आहे, हिरवं गवत आहे, पाखरं बोलताहेत.

त्या उन्हावरून आठवलं. गॉथिकला रात्र लागते, पण स्लाव्हिक परंपरेत भर दुपारही तितकीच भयाण आहे. कारेल यारोमीर एर्बेन या चेक कवीच्या 1853 च्या संग्रहात दुपारच्या डाकिणीवर एक कविता आहे. आई स्वयंपाक करतेय, पोर किरकिरतंय, बाप जेवायला येईल आणि जेवण तयार नाही. वैतागून ती म्हणते, थांब, त्या दुपारच्या बाईलाच बोलावते. आणि ती बाई येते. बाप घरी पोचतो तेव्हा आई बेशुद्ध पडलेली असते, आणि तिनं भीतीनं छातीशी घट्ट आवळलेलं पोर गुदमरून गेलेलं असतं. भर दुपारी बाराला पिंपळाखालून जाऊ नकोस, हे ज्यांनी आजीकडून ऐकलंय त्यांना ही वेळ लगेच ओळखू येईल. या कवितेत मेणबत्त्या आणि वादळ आणणाऱ्या दिग्दर्शकाला मी हात जोडून सांगेन की चुलीवरचं भांडं दाखव, तेवढं बास आहे.

काही मित्र म्हणतात, तू शुद्धतेचा आग्रह धरतोस. सिनेमाला वातावरण लागतं, गॉथिक ही जगभरच्या प्रेक्षकाला समजणारी भाषा आहे, आणि बावानं किल्ला दाखवला नसता तर इटलीबाहेर गोगोलची ही कथा कुणाला माहीत झाली असती? शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, मी स्वतः बावावरून गोगोलकडे गेलो. शुद्धतेचं म्हणाल तर शुद्ध असं इथे काहीच नाही. टॉलस्टॉय रशियन असून फ्रेंचमध्ये सर्बियाबद्दल लिहितो. गोगोल युक्रेनबद्दल रशियन भाषेत लिहितो, आणि त्याच्यावर हक्क कुणाचा हा वाद आज युद्धामुळे फार दुखरा झालाय. ‘स्लाव्हिक’ हा शब्दही मी नाइलाजानं वापरतोय. सर्बियन, युक्रेनियन, चेक, मॅसेडोनियन गावांची भुतं वेगवेगळी आहेत आणि त्यांना एकाच गोधडीखाली झोपवणं बरं नाही. म्हणूनच मला साचा नको आहे. साचा सगळ्यांना एकसारखं करतो. गाव नेमकं दाखवलं की जग आपोआप येतं. 2022 मध्ये गोरान स्टोलेव्हस्कीनं एकोणिसाव्या शतकातल्या मॅसेडोनियन खेड्यातल्या चेटकिणीवर चित्रपट केला, मॅसेडोनियन भाषेतच. माणसांचं रूप घेत घेत माणूस होणं शिकणारी त्यातली मुलगी कापणीला जाते, चुलीशी बसते, मार खाते. तो समजायला मला किल्ल्याची गरज पडली नाही.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी घडलेली नाही. मराठी घरांत स्लाव्हिक भुतं पोचली ती सोव्हिएत पुस्तकांच्या मराठी भाषांतरांतून: कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीतली बाबा यागा आमच्या कपाटात होती, आणि ती आम्हाला परकी वाटली नाही, कारण हडळ, मुंजा, जखीण यांच्याशी तिचं सहज जमलं असतं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. ही सगळी घरातलीच माणसं, काहीतरी अपुरं राहिलं म्हणून परतणारी. आणि पडद्यावर आपण त्यांचं काय केलं? हिंदी भयपटांनी ऐंशीच्या दशकात मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यात कॅमेरे नेले, आणि पुढे आपल्या भुताचा पत्ता म्हणजे हवेली हे ठरून गेलं. कोकणातल्या एखाद्या मागच्या पडवीत, न्हाणीघराच्या वाटेवर जी भीती आहे ती दाखवायला आपल्याला फार उशीर लागला. म्हणून झारोझ्येच्या त्या पाणचक्कीकडे मी इतक्या आपुलकीनं बघतो.

सावा सावानोविचची पाणचक्की खरोखरच होती, रोगाचित्सा ओढ्यावर. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये ती कोसळली. बायिना बाश्ता नगरपालिकेनं परिसरातल्या लोकांना सावध राहायला सांगितलं, लोकांनी दारांवर लसूण टांगला, अशा बातम्या जगभर छापून आल्या, बहुतेक गंमत म्हणून. मी त्या वाचल्या तेव्हा मला त्या गावकऱ्यांचं म्हणणं अगदी सरळ वाटलं. त्याचं घर पडलंय. आता तो कुणाकडे जाईल?

‘विय’वर पुन्हा कुणी चित्रपट करणार असेल तर त्यानं कथेचा शेवट कापू नये. तिसऱ्या रात्री खोमा मरतो, कोंबडा आरवतो, पळता न आलेली भुतं चर्चच्या दारा-खिडक्यांत अडकून राहतात, पुढे तिथे रान माजतं आणि वाट सापडेनाशी होते. बहुतेक दिग्दर्शकांना इथेच पडदा टाकावासा वाटेल. पण गोगोल आपल्याला कीवला परत नेतो. खोमाचे ते दोन मित्र गुत्त्यात बसलेत. मित्र गेला म्हणून पितात. एक जण म्हणतो, तो घाबरला म्हणून मेला, नुसतं क्रूसाची खूण करून तिच्या शेपटीवर थुंकला असता तर काही झालं नसतं, आपल्या कीवच्या बाजारात बसणाऱ्या बायका सगळ्या चेटकिणीच तर आहेत. दुसरा, आता घंटा वाजवण्याच्या नोकरीला लागलेला, उठतो, झोकांड्या खात बाहेर पडतो आणि रानगवतात लपायला जातो. जाताना जुन्या सवयीनं बाकावर पडलेला बुटाचा एक फाटका तळ उचलून नेतो. तो फाटका तळ पडद्यावर दाखवणारा दिग्दर्शक मला हवा आहे.